दोन हार्डडिस्क जोडल्या आणि मशीन सुरू व्हायला दोन मिनिटं लागू लागली

बटण दाबल्यापासून माऊस हातात घेऊन काम सुरू करेपर्यंत ३० सेकंद, हा या मशीनचा नेहमीचा वेळ. चार पोर्टचं साटा कार्ड (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडण्याची नेहमीची पद्धत), दोन हार्डडिस्क आणि एक एसएसडी आत बसवली त्या संध्याकाळी तोच वेळ ११२ सेकंदांवर गेला. मशीन तसं साधंच: रायझन ५, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीच्या एनव्हीएमई (केबलशिवाय थेट बोर्डावर बसणाऱ्या) एसएसडीवर विंडोज ११. बोर्डावर साटा पोर्ट चार. त्यातले तीन पोर्ट दोन साटा एसएसडी आणि एका डीव्हीडी रायटरने आधीच धरलेले. चौथ्यावर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेली २४० जीबीची एसएसडी लागली. फोटोंसाठी घेतलेली ४ टीबीची नवी साडेतीन इंची डिस्क आणि भंगारात निघालेल्या जुन्या मशीनमधली १ टीबीची डिस्क यांना पोर्ट उरले नाहीत, म्हणून ते कार्ड. त्याच्या खोक्यावर कंपनीचं धड नावही नव्हतं.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर विंडोज फॉरमॅट मारतात, नाहीतर स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करत बसतात. दोन्ही उपाय आंधळे आहेत. ‘डिस्क जोडल्यापासून मशीन हळू सुरू होतं’ हे एकच लक्षण चार-पाच वेगळ्या आजारांचं असू शकतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. वेळ नेमका कुठल्या टप्प्यात जातोय ते कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं की निम्मं काम झालं.

मोजायला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. तीन खुणा धरल्या: बटण दाबल्यापासून बोर्डाचा लोगो जाऊन विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत; ठिपक्यांपासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत; पासवर्ड टाकल्यापासून एक्सप्लोररची खिडकी न अडखळता उघडेपर्यंत. आधीचे आकडे वहीत होते: ९, १० आणि ११ सेकंद. आता आले ४१, ४८ आणि २३. म्हणजे तिन्ही टप्पे बिघडले होते, आणि यावरूनच कळलं की कारण एक नाही.

मोजण्याआधी एक गोष्ट बंद करावी लागते, ती म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. त्यामुळे एकदा ४० सेकंद, एकदा ९० सेकंद असे विचित्र आकडे येतात आणि माणूस चक्रावतो. कोणत्या प्रकारे सुरू झालं हे इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टम लॉगमध्ये कर्नल-बूट या नावाने, २७ क्रमांकाच्या नोंदीत मिळतं: बूट टाइप शून्य म्हणजे पूर्ण सुरुवात, एक म्हणजे फास्ट स्टार्टअप, दोन म्हणजे हायबरनेशनमधून जागं होणं. दुसरं, कॅबिनेट उघडण्याआधीचं शट डाउन शिफ्टचं बटण दाबून धरूनच करावं. त्याने मशीन खरोखर बंद होतं. अर्धवट झोपलेल्या विंडोजखालून डिस्क काढली-घातली की फाइल सिस्टमचा घोळ होण्याची शक्यता असते, आणि ती डिस्क लिनक्सला लावली तर बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडते.

बाकी नेहमीची काळजी: भिंतीवरचं बटण बंद, मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेला करंट काढून टाकायचा, एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) उघड्या पत्र्याला हात लावायचा, मगच आतल्या वस्तूंना.

आता पहिला टप्पा, ४१ सेकंदांचा. हा वेळ विंडोजचा नाहीच. तो बोर्डाच्या फर्मवेअरचा (बोर्डातच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा), ज्याला अजूनही सगळे बायोसच म्हणतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर वर कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. तिथे ३८ सेकंद होते. स्टॉपवॉचपेक्षा हा आकडा थोडा कमी येतो, कारण बटण दाबल्यानंतरचे पहिले क्षण त्यात धरले जात नाहीत. मशीन जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत असेल तर हा आकडा दिसतच नाही.

बोर्डाचा रंगीत लोगो आधी बंद केला. सेटिंगमध्ये फुल स्क्रीन लोगो नावाचा पर्याय असतो. तो डिसेबल केला की लोगोमागे दडलेला मजकूर दिसतो. तो दिसला आणि निम्मं उत्तर समोर आलं. साटा कार्डाचा स्वतःचा पडदा येत होता, आणि ते कार्ड आपले चारही पोर्ट एकेक करून तपासत होतं. रिकामे पोर्टसुद्धा. प्रत्येक रिकाम्या पोर्टवर ‘कोणी आहे का’ म्हणून चार-चार सेकंद वाट.

याला ऑप्शन रॉम म्हणतात. कार्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो आणि बोर्ड सुरू होताना तो चालवतो. कार्डाला जोडलेल्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असेल तरच याची गरज. इथे विंडोज एनव्हीएमईवर, कार्डावर नुसते फोटो. हा प्रोग्रॅम चालण्याचं काहीच कारण नव्हतं. सर्व्हरमधून निघालेली, आठ डिस्क लावता येणारी सेकंडहँड एसएएस कार्डं लोक हल्ली स्वस्तात आणतात. त्यांचा हा पडदा तर आणखी लांबतो.

कार्ड किती आणि डिस्क किती हे वेगळं करायला तीनदा मोजलं. कार्ड आहे, पण त्याला काहीच जोडलेलं नाही: २७ सेकंद. कार्डही काढलं: ९ सेकंद. दोन्ही डिस्क परत लावून मशीन थंड न करता नुसतं रीस्टार्ट केलं: ३३ सेकंद. म्हणजे ४१ मधले १८ कार्डाचे, १४ दोन डिस्कचे. आणि त्या चौदातलेही आठ डिस्कच्या थाळ्या वेग घेतात तेवढ्या वेळाचे. रीस्टार्टमध्ये थाळ्या आधीच फिरत असतात म्हणून तो वेळ वाचतो. थंड सुरुवात आणि रीस्टार्ट यांच्यातला हा फरक फुकटात मिळणारी चाचणी आहे, पण फारसं कोणी ती करत नाही.

उपाय सेटिंगमध्येच होता. सीएसएम, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीला सांभाळून घेणारा भाग, कार्ड लावताना कधीतरी चालू केला गेला होता. तो डिसेबल केला. काही बोर्डांवर सीएसएम चालू ठेवूनही ‘स्टोरेज ऑप्शन रॉम’ एवढाच वेगळा बंद करता येतो. त्यात ‘डू नॉट लाँच’, ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) आणि ‘लेगसी’ असे पर्याय असतात. पण सीएसएम बंद करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय लिहिलेलं हवं. लेगसी असेल तर आधी एमबीआरटूजीपीटी या विंडोजच्याच साधनाने डिस्क बदलून घ्यावी लागते, बॅकअप घेऊन. आणि ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो. तसं झालं तर बोर्डावरच्या जंपरने सीएमओएस (बोर्डाची साठवलेली सेटिंगं) पुसून मूळ पदावर यावं लागतं, आणि त्यानंतरची पहिली सुरुवात रॅमच्या जुळवाजुळवीमुळे लांबते. ती मोजायची नाही.

सीएसएम गेल्यावर ४१ चे १७ झाले. त्यात एक छुपा फायदाही झाला. जुन्या डिस्कवर जुनं विंडोज ७ तसंच पडलं होतं, आणि बूटच्या यादीत बोर्डाने ती डिस्क आपणहून वर नेऊन ठेवली होती. त्याखाली नेटवर्कवरून बूट करण्याची नोंद. ही यादी डिस्क जोडल्यावर दर वेळी बघावी: वर फक्त ‘विंडोज बूट मॅनेजर’ हवं, नेटवर्क बूट बंद. डीव्हीडी रायटरमध्ये विसरलेली सीडी आणि यूएसबीला कायम लटकवलेला कार्ड रीडर हेही याच टप्प्यात दोन-तीन सेकंद खातात.

ज्या बोर्डावर दोन अंकी कोड दाखवणारी छोटी खिडकी असते तिथे हे आणखी सोपं. एएमआयच्या फर्मवेअरमध्ये ए२ वर अडकलं तर डिस्कचा शोध चालू आहे, बी२ वर अडकलं तर ऑप्शन रॉम, ९४ म्हणजे पीसीआय उपकरणांची मोजणी, ९सी म्हणजे यूएसबी. साध्या बोर्डावर ही खिडकी नसते. तिथे लोगो बंद करून मजकूर वाचणं हाच मार्ग.

दुसरा टप्पा सगळ्यात रंजक निघाला, आणि सगळ्यात जास्त वेळही त्यानेच खाल्ला. ठिपके फिरत राहतात, हार्डडिस्कचा दिवा एकदम विझतो, दहा-पंधरा सेकंद काहीच हालचाल नाही, मग पुन्हा दिवा. दिवा सतत जळत असेल तर डिस्क काम करते आहे, फक्त हळू. मधेच विझून शांतता होत असेल तर कोणीतरी कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतंय. इथे दुसरा प्रकार होता.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये बूटच्या वेळेच्या आसपास दोन नोंदी सापडल्या. ‘स्टोरएएचसीआय’ या स्रोताची १२९, म्हणजे उपकरण उत्तर देईना म्हणून त्याला रीसेट करावं लागलं. आणि ‘डिस्क’ या स्रोताची १५३, म्हणजे वाचन-लेखनाची आज्ञा पुन्हा द्यावी लागली. याच स्रोताची ७ आली असती तर बॅड ब्लॉक, ११ आली असती तर कंट्रोलरची चूक. १२९ आणि १५३ मात्र फितूर साक्षीदारासारख्या असतात. डिस्क, केबल, कार्ड, वीजपुरवठा, चौघांपैकी कोणाचाही गुन्हा असला तरी नोंद हीच येते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. यात एक खोच आहे: उजवीकडची मूळ मूल्यं सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) दिसतात, आणि ती दशमानात समजून लोक घाबरतात किंवा निर्धास्त राहतात. फंक्शनच्या मेनूत ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमानात करून घ्यावीत. त्यानंतर पाच ओळी बघायच्या. ०५ म्हणजे कायमचे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे संशयित सेक्टर, जे वाचता येईनात पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासून न सुधारता येणारे ठरवलेले. सी७ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला डेटा. आणि ०ए, थाळ्या फिरवण्याचे पुन्हा करावे लागलेले प्रयत्न.

जुन्या डिस्कवर सी७ होता २१४ आणि सी५ होता ८. नव्या डिस्कवर सगळं शून्य.

इथे घाईने ‘डिस्क खराब’ म्हणून हात झटकता आले असते. पण सी७ हा थाळीचा दोषच नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेत डेटा बिघडला, तपासणीचा अंक जुळला नाही, म्हणून तो पुन्हा पाठवावा लागला, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय हा आकडा कधीच खाली येत नाही. पाच वर्षांपूर्वी सैल केबलमुळे वाढलेला असेल तर आजही तसाच दिसेल. म्हणून बघायचा तो आकडा नव्हे, त्याची वाढ. दोनदा मशीन सुरू केलं, २१४ चे २३१ झाले. म्हणजे दोष आजचा, चालू आहे.

केबल बदलली. जुनी केबल डीव्हीडी रायटरबरोबर कधीतरी आलेली, लाल, टोकाला कुलूप नसलेली, आणि कॅबिनेटचा पत्रा लावताना काटकोनात दाबली गेलेली. साटाची डेटा केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी, तिला घडी पडू नये आणि टोकाला धातूची पकड असावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शंभर-सव्वाशे रुपयांत मिळते. दुसरी एखादी घरात पडलेली केबल लावून ‘बदलून बघितली’ म्हणू नये. त्या दोन्ही एकाच वयाच्या असतात. कार्डाच्या सोनेरी कडेवरूनही शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवून घेतलं, रॅमच्या पट्टीला करतात तसं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत वर्षभर उघड्यावर पडलेल्या कार्डाला याची खरीच गरज असते.

केबलनंतर सी७ २३१ वर थांबला आणि दुसरा टप्पा ४८ वरून २७ सेकंदांवर आला. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या ‘ट्रान्सफर मोड’ समोर आधी साटा/१५० दिसत होतं, ते साटा/६०० झालं. चुका वाढल्या की डिस्क आणि कंट्रोलर आपसात वेग उतरवतात, सहा गिगाबिटवरून तीन, तीनवरून दीड, आणि प्रत्येक उतरणीपूर्वी थोडा वेळ झुंजतात. लिनक्समध्ये हे सगळं कर्नलच्या लॉगमध्ये सरळ शब्दांत लिहून येतं: लिंक उत्तर द्यायला वेळ लावते आहे, धीर धरा, मग रीसेट फसला, मग वेग दीड गिगाबिटवर आणतोय.

कार्ड दोषी आहे का, हेही याच वेळी उरकलं. डीव्हीडी रायटर काढून जुनी डिस्क थेट बोर्डाच्या पोर्टला लावली. वेळ २७ चाच. कार्ड सुटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सांगायला सोपं आणि रात्री अकरा वाजता पाळायला कठीण. पण केबल आणि पोर्ट एकदम बदलले असते तर २१ सेकंद कोणी वाचवले हे कधीच कळलं नसतं.

उरलेला उशीर त्या आठ संशयित सेक्टरांचा. विंडोज सुरू होताना प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टम जोडतं, त्यासाठी ठरावीक जागा वाचतं. खराब सेक्टर नेमका तिथे असेल तर घरगुती वापराची डिस्क हट्टाने तो पुन्हा पुन्हा वाचत राहते. डोकं जरा इकडे, जरा तिकडे सरकवत. एनएएससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यासाठी) बनवलेल्या डिस्कना सहसा सात सेकंदांत हार मानायला शिकवलेलं असतं, कारण त्यांच्या शेजारी दुसरी प्रत असते. घरगुती डिस्कला अशी मर्यादा नसते. लिनक्सचा कर्नल एका आज्ञेसाठी मुळात ३० सेकंद थांबतो, मग रीसेट करतो. अशी दोन-तीन वाचनं फसली की मिनिट गेलंच.

इथे एक धोक्याची पाटी. बूट होताना ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ असा मजकूर आला की मनात येतं, होऊन जाऊ दे. किंवा कोणी सल्ला देतं, चेकडिस्क पूर्ण चालव, सेक्टर दुरुस्त होतील. सी५ शून्य नसलेल्या डिस्कवर डेटा काढून घेण्याआधी हे करू नये. पूर्ण चेकडिस्क सगळी थाळी वाचतं, मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास पळवतं, आणि फाइल सिस्टम ‘दुरुस्त’ करताना वाचता न आलेल्या फाइलींचे तुकडे करून ठेवतं. ती स्कॅनिंगची सूचना आली तर सुरुवातीच्या काही सेकंदांत कुठलंही बटण दाबून ती टाळता येते.

क्रम असा ठेवला: आधी उबंटूमधून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत नव्या ४ टीबीच्या डिस्कवर फाइल म्हणून घेतली. डीडीरेस्क्यूला नकाशाची फाइल द्यायला विसरू नये. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं ते तिच्यात नोंदलं जातं आणि मधेच वीज गेली तरी तिथून पुढे जाता येतं. पहिली फेरी खराब जागा सोडून, दुसरी फेरी फक्त त्या जागांवर तीन प्रयत्न. काही तासांत ती पूर्ण झाली, आणि आठपैकी सहा सेक्टर दुसऱ्या फेरीत वाचले गेले. न वाचलेले दोन विंडोज ७ च्या पार्टिशनमध्ये होते, म्हणून डोकेदुखी संपली. प्रत हाती आल्यावर जुनी डिस्क काढली. तिच्यावर शून्यं लिहून सेक्टर बदलून घेता आले असते, सी५ शून्य होऊन ०५ वाढला असता किंवा नसताही. पण दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर पुन्हा भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. दुसरा टप्पा १२ सेकंद.

वीजपुरवठ्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे तो आरोपी निघाला नाही, पण अनेकदा निघतो. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर खेचते. एकदा वेग घेतला की त्याच्या पाव-तृतीयांशावर येते. चार डिस्क एकदम उठल्या तर काही सेकंद शंभर वॅटच्या जवळपास. एसएमपीएस तेवढं देतोच, पण एकाच वायरवर स्प्लिटर लावून तीन डिस्क लटकवल्या असतील तर टोकाच्या डिस्कला व्होल्टेज कमी पडतं. ओळखायची खूण कानाने: डिस्क फिरायला लागते, टक्‌ आवाज, पुन्हा पहिल्यापासून फिरते. स्मार्टमध्ये, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसणाऱ्या त्याच नोंदींत, ०ए वाढतो. डिस्क वेगवेगळ्या वायरींवर वाटून द्याव्यात, आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर वापरू नयेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क अजिबातच फिरली नाही तर आणखी एक कारण असतं: साटाच्या ३.३ आवृत्तीपासून पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरतात, आणि जुना एसएमपीएस तिथे कायम ३.३ व्होल्ट देत असतो. त्या पिनवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणाऱ्या चिकटपट्टीचा) तुकडा चिकटवतात.

जुनी डिस्क काढल्यावर विंडोज सुधारलं आणि उबंटू बिघडलं. तेही अगदी मोजून ९० सेकंदांनी. हा ९० चा आकडा दिसला की डोळे मिटून ओळखावं: सिस्टमडी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) एखाद्या डिस्कची वाट बघतंय, तिची मुळातली मर्यादा दीड मिनिट. उबंटूची एसएसडी आणि ती १ टीबीची डिस्क दोन्ही एकाच जुन्या मशीनमधल्या, आणि एसएसडी झिजू नये म्हणून स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) त्या हार्डडिस्कवर ठेवलेली. डिस्क गेली, एफएसटॅबमधली (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली) नोंद राहिली. सिस्टमडी-अॅनलाइझचं ‘ब्लेम’ इथे फसवतं, कारण न आलेलं उपकरण त्या यादीत धड दिसतच नाही. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) मात्र ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’ आणि पुढे तिचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) स्वच्छ लिहिलेला असतो. सध्या असलेल्या पार्टिशनचे यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने काढायचे, एफएसटॅबशी ताडायचे, जो सापडत नाही ती ओळ पुसायची. स्वॅपऐवजी डेटाचं पार्टिशन असतं तर दीड मिनिटानंतर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडलं असतं. म्हणून काढता-घालता येणाऱ्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) आणि दहा सेकंदांचा डिव्हाइस-टाइमआउट घालून ठेवावा.

ती ओळ पुसूनही साधारण तीस सेकंद उरलेच. हे दुसरं भूत: इनिट्रामएफएसच्या (सुरुवातीला रॅममध्ये चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टमच्या) सेटिंगमध्ये ‘रिझ्यूम’ नावाची छोटी फाइल असते, हायबरनेशनमधून उठताना कुठली स्वॅप बघायची ते तिच्यात लिहिलेलं. तिथेही जुना यूयूआयडी होता. तो काढून इनिट्रामएफएस नव्याने तयार केल्यावर उबंटू पूर्ववत. स्वॅपचं पार्टिशन नुसतं नव्याने फॉरमॅट केलं तरी त्याचा यूयूआयडी बदलतो आणि हाच प्रकार होतो, डिस्क जागेवर असूनही.

तिसरा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. लॉगिननंतरचे २३ सेकंद. इथे दोष कोणत्याही वस्तूचा नव्हता, नवी डिस्क बसवल्यावर आम्हीच केलेल्या ‘सुधारणां’चा होता. पेजफाइल (विंडोजची स्वॅप) एसएसडीवरून उचलून ४ टीबीच्या हार्डडिस्कवर टाकली होती, एसएसडी जास्त टिकावी म्हणून. हा सल्ला दुकानात अजूनही मिळतो. आजच्या एसएसडीला पेजफाइलच्या लिहिण्याने सहसा काही होत नाही, आणि हार्डडिस्कवर मात्र लॉगिनच्या धांदलीत डोकं इकडून तिकडे नाचतं. पेजफाइल परत सी ड्राइव्हवर, ‘सिस्टम मॅनेज्ड’: २३ चे १६. पिक्चर्सचं फोल्डर नव्या डिस्कवर हलवलं होतं. क्लाउड सिंकचा प्रोग्रॅम लॉगिन होताक्षणी त्यातली हजारो नावं तपासायला धावत होता, आणि सर्च इंडेक्सिंग त्याच्या मागे. सिंक पाच मिनिटं उशिरा सुरू होईल असं टास्क शेड्यूलरमध्ये लावलं, जुन्या फोटोंचं इंडेक्सिंग बंद केलं: १२.

एक शंका मनात राहायची ती मिटवून टाकतो. डिस्कला वीस मिनिटांनी झोपवणारी पॉवर सेटिंग सुरुवातीच्या वेळेशी संबंधित नाही. तिच्यामुळे नंतर, चहा घेऊन आल्यावर, सेव्हची खिडकी पाच-सात सेकंद गोठते. तक्रार वेगळी आहे, तिला या हिशेबात धरू नये. तसंच एम.२ स्लॉटमध्ये नवी एसएसडी घातल्यावर एखादा साटा पोर्ट मेला तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच बोर्डांवर त्यांच्या लेन (डेटाचे मार्ग) सामायिक असतात आणि कुठला पोर्ट बंद होणार ते मॅन्युअलच्या तक्त्यात दिलेलं असतं.

डीव्हीडी रायटर आपल्या पोर्टवर परत गेला, नवी डिस्क कार्डाच्या पहिल्या पोर्टवर राहिली. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा लावून पोर्टचा क्रमांक आणि तारीख लिहिली. शेवटची मोजणी: १५, ११ आणि १२, मिळून ३८ सेकंद. रीस्टार्टला ३२. मधले सहा सेकंद ४ टीबीच्या थाळ्या वेग घेतात तेवढे.